टाळ्या : धुलाई विभाग

रमझानात जुफेरमधल्या हॉटेलांचे बार मिटतात.
बँडवाल्यांना पगार अर्धा, जेवण पूर्ण.
त्या वर्षी सातव्या मजल्यावरचे ते पाच जण
दिवसभर पडदे ओढून झोपायचे
आणि रात्री लिफ्टसमोर उगाच उभे असायचे,
कुठलंच बटण न दाबता.

मी त्यांचा साउंडवाला.
कुडाळात आत्माराममामाकडे भोंगे बांधायला शिकलो.
दशावताराच्या पेटीसमोर माइक कुठे धरला
म्हणजे भात्याचा श्वास येत नाही,
एवढीच माझी विद्या.
तिच्यावर मनामात एकोणीस वर्षं निघाली.

फर्मीन, नेलिदा, ओस्वाल्दो आणि किस्पे बंधू.
गाव ग्वायाकिल. नदी मोठी म्हणे, पाणी दुधाच्या चहासारखं.
एकदा स्टेडियम भरलं होतं त्यांच्यासाठी.
फर्मीनच्या पाकिटात कात्रण आहे,
नेमका त्याचाच चेहरा घडीवर फाटलेला.
पुढचा अल्बम पडला,
त्याच्या पुढचा कंपनीनं काढलाच नाही.
मग जहाजावरचं काम, मग दोहा, मस्कत,
मग हे :
गुरुवारी रात्री कुणाच्या तरी वाढदिवसाला
दुसऱ्यांची गाणी.

नेलिदा म्हणाली, एकही वायर नको.
मी म्हटलं, मग मी कशाला?
म्हणाली, ऐकायला.

तळघरात धुलाई खातं.
रात्री दोन ते साडेतीन तिथं पाण्याला दाब नसतो,
सगळी यंत्रं गप्प.
ट्रॉल्यांवर दोरी ताणून मी भिंती झाकल्या
दोनशे खोल्यांच्या ओल्या चादरींनी,
घुमू नये म्हणून.
ओस्वाल्दो साबणपुडीच्या खोक्यावर बसला
आणि तेच वाजवू लागला.
दोन माइक. बस.

समोर रात्रपाळी, अकरा माणसं :
बारिसालचा शमसुल, इस्त्रीवाली नीलांती,
पदमबहादूर, बेबीचेट्टन आणि इतर.
यांनी बँडचं एक गाणं ऐकलेलं नव्हतं.
सातव्या मजल्यावर जायची त्यांना परवानगी नाही,
तिथले डाग मात्र ओळखीचे.

स्टेडियमवालं गाणं तिसरं घेतलं.
मी ते इतकी वर्षं लाल दिव्यांवरून ओळखत होतो :
दिवे पेटले की खुंटी खाली.
आज पेटायला काही नव्हतंच.
वरच्या सुराला फर्मीनचा आवाज फाटला,
त्यानं सूर तिथंच ठेवून दिला,
थोरल्या किस्पेनं उचलला,
जसं कुणी दुसऱ्याचं सामान उचलतं
जिना चढताना, न विचारता.

पदम मधेच टाळ्या वाजवू लागला.
फर्मीन हसला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून.
ते सगळं मी तसंच ठेवलंय.

नंतर विचारलं, काय म्हणतोस रे त्यात?
म्हणाला, आई विचारते, बूट कुठे विसरून आलास?
एवढंच?
एवढंच. स्टेडियमात कुणाला ऐकू आलं नव्हतं.

सातवं गाणं अर्ध्यावर असताना
नळ आधी खोकले, मग बोलू लागले.
बेचाळिसाव्या मिनिटाला नीट कान दिला तर
एक माणूस मराठीत म्हणतो, 'पाणी इलां.'
तो मी.
बेबीचेट्टननं माझ्याकडे बघितलं,
मी मान हलवली,
त्यानं यंत्र चालू केलं. करणारच,
सकाळी सातला टॉवेल लागतात.
ते पाच जण थांबले नाहीत.
यंत्राच्या लयीत शिरले आणि
गाणं तसंच शेवटाला नेलं.

तीनशे प्रती निघाल्या, स्वतःच्या पैशानं.
पुढच्या वर्षी करार संपला.
नेलिदा बहिणीकडे गेली, सिमेंटच्या दुकानात हिशेब बघते.
बाकीच्यांचं नक्की माहीत नाही.

माझ्याकडची प्रत कपाटात, पासपोर्टखाली.
मागच्या बाजूला बारीक अक्षरांत आम्ही सगळे.
माझं नाव चुकलंय, दोन ठिकाणी.
खाली एक ओळ स्पॅनिशमध्ये,
नीलांतीनं ती फोनवर उलगडून घेतली
आणि पाळी बदलताना सगळ्यांना वाचून दाखवली.
शमसुल म्हणाला, परत वाच.